मागून येणारी झारी

"मामा आहे का?"

पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आत डॉक्टरांचा हा पहिला प्रश्न असे. पोट दुखतंय म्हणून आलेला माणूस गोंधळायचा. त्याला वाटायचं, सोबत कोण आलंय ते विचारतायत. "नाही, एकटाच आलोय." मग डॉक्टर पेन्सिल टेबलावर आपटायचे. "सोबत नाही हो, जगात! तुमचा मामा जगात आहे का? असला तर कसा आहे? नसला तर कशानं गेला?"

नाशिकला रविवार कारंजाजवळ जिना चढून गेल्यावर त्यांचा दवाखाना होता. तिथे कित्येक मामा पाऊल न ठेवता तपासले गेले.

त्यांचं म्हणणं असं, की डोळ्याचा डॉक्टर डोळा बघतो, हाडाचा हाड बघतो, हृदयाचा हृदय बघतो. पण डोळा, हाड आणि हृदय एकाच घराण्यातून येतं, आणि घराण्याकडे बघायला कुणीच बसलेलं नाही. "बापाकडचं सगळं लोक छाती फुगवून सांगतात," ते म्हणायचे, "आईकडचं खोदल्याशिवाय निघत नाही. म्हणून मी मामापासून सुरुवात करतो."

हे मी कौतुकानं सांगतोय असं कुणी समजू नये. त्या माणसावर माझा राग आहे. गावातले लोक त्यांचं नाव निघालं की हात जोडतात, देवमाणूस म्हणतात. देवमाणूस असेल. मला मात्र त्यानं फसवलं, माझ्याच मांडवात, माझंच पाणी वाढून.

माझा धंदा मंडपाचा. खांद्यावर बांबू वाहण्यापासून सुरुवात केली आणि आडगाव नाक्याला स्वतःचं गोडाऊन उभं केलं. शिक्षण म्हणाल तर घासाघीस. समोरचा माणूस कशावर अडतोय आणि कशावर सोडतोय, हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. निदान तेव्हा तसा माझा समज होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर एके दिवशी लुनावरून गोडाऊनला आले. डोक्याला हेल्मेट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि पिशवीत लांब तोटीची पितळी झारी.

"मला तुमच्या लग्नांमध्ये पाणी वाढायचंय," ते म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर ना?"

"हो."

"दवाखाना चालत नाही का?"

"चालतो की. पण तिथे माणसं एकेकटी येतात. लग्नात अख्खं घराणं ओळीनं बसतं, तेही हात-तोंड उघडं ठेवून. मला हे दुसरीकडे कुठे मिळणार?"

मला वाटलं, वेडा आहे, पण फुकटचा वाढपी आहे. हो म्हटलं.

तेव्हापासून पंगतीत झारी घेऊन फिरणारा तो उंच, किडकिडीत माणूस माझ्या मांडवाचा भागच झाला. कुणाच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट आहे, कुणाच्या पंजाला जास्तीचं बोट आहे, कुणाच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे आणि कुणाला दोन घास खाल्ले की धाप लागते, हे ते पाणी ओतता ओतता टिपायचे. म्हाताऱ्या बायकांशी त्यांचं विशेष जमायचं. "आजी, माहेर कुठलं? तिकडे कुणाला असंच होतं का?" आणि आजी जिलेबी बाजूला ठेवून आपल्या आजोळापर्यंत जाऊन यायच्या. पुढच्या रविवारी डॉक्टर लुनावर बर्फाचा थर्मास बांधून त्यांच्या गावाला. रक्ताच्या नळ्या सोमवारी सकाळच्या गाडीनं मुंबईला. तिथल्या एका संस्थेत त्यावर संशोधन चालायचं.

एक खोड मात्र माझ्या डोक्यात जायची. वाढपी दोन ओळींच्या मधून, लोकांच्या समोरून जातो. हे मागून जायचे. जेवणाऱ्याच्या पाठीशी वाकून झारीची तोटी त्याच्या कानाजवळून हळूच पुढे आणायचे, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. लोक ओरडायचे.

"अहो काका, मागून काय येताय चोरासारखे? म्होरून या की!"

"ओ मंडपवाले, ह्या माणसाला वाढायचं शिकवा जरा. लय घाबरवतो."

मी विचारलं, तर म्हणाले, "माझी पद्धत आहे." एवढंच. ती कसली पद्धत होती हे मला फार उशिरा कळलं.

मुंबईच्या संस्थेचे लोक एकदा गाडी घेऊन आले. सायखेड्याच्या बाजूला काही घरांत रातांधळेपण होतं. दिवस मावळला की माणसं भिंत चाचपत चालायची, आणि वय वाढेल तशी दिवसाची नजरही आकसत जायची. डॉक्टरांनी ही घरं पंगतीतून शोधलेली. संस्थेच्या पोरापोरींनी दोन घराण्यांचे मोठे तक्ते काढून आणले होते आणि दोन्ही घराण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं त्यावर लिहिलं होतं. डॉक्टरांनी तक्ते माझ्या गोडाऊनमधल्या सतरंजीवर पसरले, जरा वेळ बघितले आणि असे काही ओरडले की बाहेरचा हमाल आत आला.

"ही कौसल्या आणि ही लक्ष्मी, ह्या दोघी कोण आहेत?"

"सर, कौसल्या या घरची मुलगी. लक्ष्मी त्या घरची सून."

"कौसल्या लग्न करून कुठे गेली?"

पोरं तक्त्यावर बोटं फिरवत राहिली. त्यातलं एकही आपल्याकडचं नव्हतं. लग्नात नवरा तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो आणि माहेरची कौसल्या सासरी लक्ष्मी होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी एका बाईच्या दोन बाया केल्या होत्या. भावानं सांगितलं, कौसल्येची नजर चांगली होती. सासरच्यांनी सांगितलं, लक्ष्मीला संध्याकाळनंतर दिसत नव्हतं. दोन्ही घराण्यांना जोडणारी बाई त्यांनी मधोमध फाडून ठेवली होती.

"एवढ्या मोठ्या यंत्रांत रक्त तपासता," डॉक्टर म्हणाले, "आणि बाईला माहेरचं नाव विचारत नाही!"

त्याच दिवशी माझं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं. संस्थेच्या लोकांना त्या गावांमधून पुन्हा रक्त हवं होतं. मी विचारलं, गावाला काय देणार? डॉक्टर भडकले. "मंडपवाले, रक्ताचा सौदा होत नसतो."

मी म्हटलं, "फुकट नेता तोही सौदाच आहे डॉक्टर, फक्त एका बाजूचा. माणसं दंड उघडे करून उन्हात बसतात, तुम्ही नळ्या भरून नेता, तुमचं काहीतरी इंग्रजीत छापून येतं. ज्याचं रक्त गेलं त्याला साधं कुणी सांगायला येत नाही की बाबा, तुझ्यात हे निघालं. मोसंबीच्या बागवाल्याला तरी माल कुठे गेला ते कळतं."

संस्थेचे साहेब घड्याळ बघायला लागले. मी त्यांच्या गाडीसमोर बांबू आडवे टाकायला लावले. शेवटी ठरलं ते असं, की रक्त घ्यायला येताना डोळ्यांचा डॉक्टर सोबत आणायचा, गावातल्या सगळ्यांचे डोळे तपासायचे, आणि जे निघेल ते ज्याचं त्याला तोंडी, मराठीत सांगायचं. म्हातारीकोतारी माणसं त्यात मोतीबिंदूतून सुटली. डॉक्टर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. नंतर मात्र हाच नियम त्यांनी स्वतःचा करून टाकला. "ज्याचं रक्त, त्याचं उत्तर," असं जिथे तिथे म्हणू लागले, जसं काही ते त्यांनाच सुचलं होतं. हा नियम मी मिळवून दिला होता. पुढे तो त्यांनी माझ्यावरच चालवला.

माझी एकच बहीण, शालन. वडील लवकर गेले, तिला मीच वाढवलं. तिच्या लग्नाची बोलणी मी अशी केली, की मध्यस्थ म्हणाला, शेठ, तुमच्याकडून शिकावं. मुलगा सायखेड्याजवळचा. आमच्या आईचं माहेरही गोदावरीच्या त्याच काठाचं, म्हणून माणसं ओळखीची वाटली. मुलगा सातपूरला फॅक्टरीत. मी सगळी चौकशी केली. कळलं की तो रात्रपाळी कधीच करत नाही. मला वाटलं, साहेबांजवळ वजन आहे. संध्याकाळ झाली की घरात, ना मित्र, ना कट्टा. मला वाटलं, निर्व्यसनी. मुलगी बघायला आले तेही भर दुपारी आले, उन्हं कलायच्या आत उठले. मला वाटलं, शिस्तीचे लोक आहेत.

साखरपुड्यानंतर लग्नाच्या बैठकीत मी म्हणालो ते त्यांनी मानलं. लग्न आमच्या दारात, जेवण आमच्या पद्धतीचं, मानपान नाही. एकाच गोष्टीवर ते हटून बसले. मुहूर्त दुपारचा पाहिजे. मला गोरज हवा होता. बहिणीच्या लग्नात माझ्या मांडवाचे दिवे नाशिकनं बघायला नकोत? मी अडलो. मुलाचा बाप हात जोडून म्हणाला, "दुसरं कायबी मागा शेठ, पण येळ दुपारचीच." मी गोरज सोडायला तयार झालो नाही. तेवढ्यात शालन आतून आली. "दादा, दुपारचंच घे."

"तुला काय कळतं?"

"मला दुपारचंच पाहिजे."

पोरीची हौस म्हणून मी सोडून दिलं, आणि सोडल्याच्या बदल्यात मिरवणूकही त्यांना सोडायला लावली. बाहेर येऊन मी मध्यस्थाला डोळा मारला. सगळं मिळालं होतं.

साखरपुड्याला डॉक्टर झारी घेऊन होते. लग्नातही होते. लग्नाच्या पंगतीत मी त्यांना नवरदेवाच्या मागे वाकलेलं बघितलं. तोटी कानाजवळून आली, गालाजवळून आली, ताटावर आली, तेव्हा कुठे नवरदेव दचकला. पाणी त्याच्या उपरण्यावर सांडलं. मी डॉक्टरांवर डोळे वटारले. शालननं डॉक्टरांकडे बघितलं आणि आपल्या पदरानं उपरणं टिपलं. त्या बघण्यात काही होतं हे मला आज कळतं. तेव्हा मी वाढप्यांना मठ्ठ्यासाठी हाका मारत होतो.

वर्ष-दीड वर्षानं शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्याच दिवसांत डॉक्टर लुनावरून गोडाऊनला आले. मी एका गिऱ्हाईकाशी कनातींवरून भांडत होतो.

"हात पुढे करा," डॉक्टर म्हणाले. "रक्त हवंय."

"माझं? कशाला?"

"मामा हवाय."

"कुणाचा मामा?"

डॉक्टर बांबूंकडे बघत उभे राहिले.

मला एकच बहीण. मी मामा होणार तो एकाच पोटाचा. गिऱ्हाईक काहीतरी बोलत होतं, ते मला ऐकू येईना. रात्रपाळी नाही, संध्याकाळी घरात, दुपारचा मुहूर्त, उपरण्यावर सांडलेलं पाणी. सगळं एका क्षणात ओळीनं येऊन बसलं. मी त्यांच्या लुनाची किल्ली काढून घेतली.

"माझा मेहुणा रातांधळा आहे. आणि तुम्हाला ते साखरपुड्यातच कळलं होतं. त्या मागून वाढण्याचा अर्थ हाच ना? नजर आकसलेल्या माणसाला बाजूनं आलेलं दिसत नाही!"

"बरोबर ओळखलंत," ते म्हणाले. चक्क शाबासकी दिल्यासारखे.

"मग मला का नाही सांगितलं? माझं मीठ खाऊन, माझ्या मांडवात उभं राहून?"

"मी तुमचं पाणी वाढलं. मीठ नाही खाल्लं. मी लग्नात जेवत नाही."

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारचे दुकानदार जमा झाले. माझा आवाज टिपेला पोचला असताना ते माझ्या जवळ आले आणि माझ्या कानाकडे निरखून बघत म्हणाले, "तुमची पाळी गालाला चिकटलेली आहे. तुमच्या मामांची कशी होती?"

अशा माणसाला काय करायचं?

"शालनला विचारा," किल्लीसाठी हात पुढे करत ते म्हणाले. "तिचं आहे, ती सांगेल."

मी तसाच घरी गेलो. शालन ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"तुला माहीत होतं?"

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जुडी खाली ठेवली. "साखरपुडा झाल्यावर डॉक्टरांनी यांना गाठलं. म्हणाले, मुलीला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगणार. हे दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, मला संध्याकाळनंतर दिसत नाही, पुढे दिवसाही दिसणार नाही, तुम्ही नाही म्हणा. मग मीच म्हटलं, डॉक्टरांकडे चला."

"आणि तरी हो म्हणालीस?"

"हो, मी हो म्हणाले."

"अगं, पण मला सांगायचं होतंस! मी तुझा भाऊ का वैरी?"

"तू मोडलं असतंस."

"अलबत मोडलं असतं!"

"नाहीतर ठेवलं असतंस, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून आणखी काहीतरी कबूल करून घेतलं असतंस." ती पुन्हा मेथी निवडायला लागली. "यांचे डोळे तुझ्या बैठकीत मांडायचे नव्हते मला, दादा. डॉक्टरांना मी देवाची शपथ घातली. तू त्यांच्यावर ओरडू नकोस."

म्हणजे बैठकीत माझ्याविरुद्ध बसलेली माणसं मी समजत होतो तेवढीच नव्हती. माझ्याच घरातून माझ्या समोर कुणीतरी बसलं होतं आणि जिंकलं होतं. मला हे आजही मान्य नाही. बहिणीचं भलं बघायचा हक्क भावाला नाही, तर कुणाला आहे? तिच्या बाळाला हे येणार की नाही, ते आईकडचं रक्त कसं आहे यावर होतं. शालननं तिचं दिलं होतं, पण ते जुळवून बघायला तिच्या माहेरचं माणूस लागत होतं. ही गोष्ट त्या माणसानं मला केव्हा सांगितली, तर सुई हातात घेऊन.

रक्त दिलं. बाळासाठी दिलं, डॉक्टरांसाठी नाही. देताना म्हटलं, "उत्तर मला हवं."

"तुमचं तुम्हाला मिळेल. तिचं तिला."

त्या काळात अशी उत्तरं यायला वर्षं लागत. शालनला मुलगी झाली, मनू. ती चालायला लागली, बालवाडीत गेली, पहिलीत गेली. तिकडे मेहुण्याची नजर आकसत होती. फॅक्टरीनं त्याला मशीनवरून काढून फोनवर बसवलं. संध्याकाळी शालन त्याचा हात धरून सासुरवाडीला घेऊन येई. माझ्या दारात पायरी आली की ती दंड जरासा दाबायची आणि तो बरोबर पाय उचलायचा. कधी अडखळला नाही. मी बघायचो आणि आत जाऊन कुणावर तरी ओरडायचो.

मग डॉक्टर आले. केस सगळे पिकलेले, लुना मात्र तीच.

"तुमचं उत्तर आलंय. हवंय?"

"सांगा."

"तुमच्यात ती खोट आहे. एका बाजूनं. एका बाजूनं असली तर तुम्हाला काही होत नाही. आई-बाप दोन्ही बाजूंनी आली तरच डोळे जातात."

मी ज्या घराला इतकी वर्षं मनातून दोष दिला, त्याचीच खोट माझ्या रक्तात होती. आईच्या माहेरची असणार. डॉक्टर मला हे सांगत होते आणि मी बघत होतो, त्यांना त्याचा कुठे आनंद होतोय का. नव्हता. त्यामुळे आणखी राग आला.

"आणि शालनमध्ये?"

"शालनला विचारा."

"मनूमध्ये?"

"मनूचं रक्त मी घेतलेलं नाही. घेणारही नाही. ती मोठी झाली की तिची ती ठरवेल, जाणून घ्यायचं की नाही. आज कळून तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. फक्त तुम्ही सगळे तिच्याकडे वेगळं बघायला लागाल."

शालनला विचारलं. ती म्हणाली, "ज्याचं रक्त, त्याचं उत्तर, दादा." माझाच नियम माझ्या तोंडावर मारून ती चहा ठेवायला गेली.

पुढे बुफे आले. लोक ताटल्या घेऊन उभ्यानं जेवू लागले, नातेवाईक एकमेकांत मिसळून गेले, आणि डॉक्टरांची पंगत मोडली. एक-दोन लग्नांत ते झारी घेऊन पनीरच्या रांगेजवळ उभे राहिले. "हे काय, आता मामा कुठला आणि मावसा कुठला, कळतंय का?" असं म्हणून चिडून निघून गेले. झारी माझ्या गोडाऊनमध्येच राहिली. मी निरोप पाठवला, घेऊन जा. उलट निरोप आला: राहू द्या, तुम्हाला लागेल.

बघा, जाता जाताही काय बोलून गेला तो माणूस. नंतर थोड्याच दिवसांत ते वारले. मी गेलो होतो. तिथे गर्दीत कितीतरी घराणी होती, आणि मला सवयीनं वाटलं, सगळ्यांना ओळीनं बसवावं.

माझ्या चुलत भावाच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा मी अडून बसलो, बुफे ठेवा, पण घरच्यांची एक पंगत झाली पाहिजे, आणि ती संध्याकाळी. सगळे म्हणाले, म्हातारपणी ह्यांना काय सुचलंय. मी ऐकलं नाही. मनू तेव्हा बारा-तेराची. मामेबहिणींच्या मधे मांडी घालून बसली होती आणि कुठल्यातरी मास्तरांची नक्कल करत होती. मांडवातले अर्धे दिवे मी मुद्दाम लावू दिले नव्हते. झारी चिंचेनं घासून घेतली होती.

मी मागून गेलो. समोरच्या ओळीतून शालननं मला बघितलं. झारी बघितली. तिचा घास हातातच राहिला, पण तिनं मला थांबवलं नाही. मनू समोर बघून बोलतच होती. मी वाकलो. तोटी तिच्या डाव्या कानाजवळून निघाली.

गालापर्यंत पोचायच्या आत, मान न वळवता, बोलणं न थांबवता, मनूनं पेल्यावर हात ठेवला.

"मामा, नको. भरलाय."

शालनचे डोळे भरून आले. मला डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, एकदा बघून काही ठरत नसतं मंडपवाले, ह्या वयात तर नाहीच. मेल्यावरही माणूस सुखानं घास घेऊ देत नाही.

मी झारी सावरली आणि मनूच्या उजव्या बाजूला गेलो.